वाळवंटात जळते तरी काय?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील उन्हाळ्याचा विषय निघाला, की वाळवंटात पेटण्यासारखे असते तरी काय, असा प्रश्न पडतो, म्हणून थोडे सांगतो. तिथल्या सोनोरन वाळवंटात झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे वीज पडून लागलेली आग पूर्वी फारशी पसरत नसे; मात्र 20व्या शतकात चाऱ्यासाठी तिकडे नेलेल्या, आपल्याकडे अंजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गवताने अनेक ठिकाणी ही मोकळी जागा भरून टाकली आणि आगीची सवय नसलेले सग्वारो निवडुंग त्यात होरपळू लागले. आपल्या माळावर गुरांना जगवणारे गवत तिथे असा घात करते, याचे फार वाईट वाटते. जून 2020 मध्ये तिथल्या टुसान शहराजवळच्या डोंगरांत विजेने लागलेली बिगहॉर्न आग कित्येक आठवडे धुमसत होती.

धुराबाबत मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. कोरड्या हवेमुळे तिथेही अनेक घरांत कूलर असतो आणि तो बाहेरचीच हवा आत ओढतो. कूलरमधील ओले गवत धूळ अडवते, परंतु धुरातील 2.5 मायक्रॉनहून लहान, म्हणजे अतिसूक्ष्म कण नीट अडवत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला वणवा लागला, तेव्हा नाशिकमधील आमच्या खोलीत कूलर सुरू करताच जळक्या गवताचा वास भरला, आईला रात्रभर खोकला लागला आणि सकाळी कूलरच्या जाळीवर राखेचे काळे कण चिकटलेले दिसले. रात्री वारा पडला की धूर सखल भागात साचतो, तेव्हा कूलर बंद ठेवून पंखा आणि ओले फडके यांवर भागवावे. खोली असह्य तापली, तर वृद्धांना वेळीच एसी असलेल्या घरी हलवावे.