‘वॉटरफ्रंट’ला घाट म्हणावं का? आणि ‘सार्वजनिक’च्या समोर ‘खासगी’च का?

धरमपेठची अनुवादक
नगररचनेच्या विद्यार्थ्यांसाठी एका टिपणाचा मराठी अनुवाद करते आहे. विषय असा: जुन्या गोद्या, गोदामं आणि कारखाने असलेल्या ‘इंडस्ट्रिअल वॉटरफ्रंट’चा, म्हणजे पाण्याकाठच्या पट्ट्याचा, पुनर्विकास ‘पब्लिक’ असावा की ‘प्रायव्हेट’. उदाहरणं लंडन, हॅम्बुर्ग, न्यूयॉर्क आणि मुंबईची आहेत. मी ‘औद्योगिक घाट’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘जलाग्र’ केलं. मला जलाग्र वाचवत नाही. दुसरं म्हणजे ‘सार्वजनिक पुनर्विकास’ वाचून गणेशोत्सवासारखा वर्गणीचा मामला वाटतो. ‘सरकारी’ लिहावं तर महापालिकेची कंपनी त्यात बसते का? जाणकारांनी सांगावं.

इतवारीकर
घाट खोडला ते बरं झालं, ताई. नागपुरात घाट म्हटलं की गंगाबाई घाट, अंबाझरी घाट, मानेवाडा घाट. ‘घाटावर गेले’ म्हणजे कुठे गेले ते सांगावं लागत नाही. कन्हानच्या काठी घाट म्हणजे रेतीघाट, ज्याचा लिलाव होते. साताऱ्याच्या वाचकाला डोंगरातला रस्ता दिसेल. तुम्हाला हवा असलेला पायऱ्यांचा घाट चौथ्या नंबरवर येते. आणि ‘चौपाटी’ही नको. फुटाळ्याला आपण चौपाटी म्हणतो ती तिथल्या खाण्याच्या गाड्यांमुळे, पाण्यामुळे नाही.

पाळ-तुडूम
एकच शब्द शोधण्याआधी जमीन पाण्याला कशी भिडते ते पाहा. मराठीत त्याप्रमाणे शब्द वेगळे आहेत.

नैसर्गिक उतार असेल तर काठ किंवा थडी. गंगथडी, भीमथडी यांतली. पायऱ्या बांधल्या तर घाट. पाणी अडवायला मातीचा बांध घातला तर पाळ. आपल्याकडे पूर्व विदर्भात पार असंही म्हणतात. आणि नाव टेकून माल उतरवता यावा म्हणून उभी भिंत बांधली तर धक्का.

हा फरक नुसता शब्दांचा नाही, पुनर्विकासाचा खर्च त्यावरच ठरतो. धक्क्याची भिंत पाण्याकडून सरळ आणि मागून भरावाने दाबलेली असते. पोलादी शीट पाइलची, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या पत्र्यांची असेल तर ती सगळ्यात आधी पाण्याच्या पातळीच्या आसपास गंजते, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही सतत मिळतात. भिंत मागे धरणाऱ्या आडव्या सळ्या भरावात पुरलेल्या असल्याने दिसत नाहीत. सांधे उघडले की ओहोटीबरोबर भरावातली बारीक रेती बाहेर जाते, आत पोकळी होते आणि एक दिवस वरची फरसबंदी खाली बसते. वर माल ठेवायचा होता तोवर ठीक, पण तिथे लोकांना फिरायला जागा करायची तर आधी पाणबुड्या उतरवून भिंत तपासावी लागते, सळ्यांपर्यंत खोदून पाहावं लागतं. खासगी विकासक हा खर्च स्वतःकडे घ्यायला सहसा राजी नसतो, कारण भिंत विकता येत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी भिंत सरकारकडे आणि तिच्यामागचे भूखंड विकासकाकडे अशी वाटणी होते.

पाळीचं उलट. काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडून दगडाचं अस्तर. तिच्यावर झाडं लावून ‘सुशोभीकरण’ केलं की मुळांच्या वाटेने झिरपा सुरू होतो. धक्क्याचे नियम पाळीला लावले की तलाव धोक्यात आला म्हणून समजा.

तुमच्या टिपणातली उदाहरणं धक्क्याची आहेत. ‘धक्का’ लिहा.

सुकी गोदी
मुंबईहून. धक्का म्हणजे फक्त भिंतीचा काठ, जसा भाऊचा धक्का. गोदी म्हणजे खोदून किंवा बांधून बंदिस्त केलेलं पाणी. दरवाजाची असेल तर भरतीचं पाणी आत अडवून ठेवतात, म्हणजे ओहोटीतही जहाज तरंगतं राहतं. १९१४ची अलेक्झांड्रा, आताची इंदिरा गोदी, ती अशी. पाणी उपसून जहाज दुरुस्त करायचं ती सुकी गोदी. या दोन्हींभोवती गोदामं, रेल्वे, तेलाच्या टाक्या, कामगारांच्या वस्त्या असा जो पट्टा असतो त्याला आमच्याकडे नुसतं ‘बंदर’ म्हणतात. लाकडा बंदर, कोळसा बंदर. ‘बंदरपट्टा’ लिहिलंत तर टिपणातला अर्थ पूर्ण येईल.

गोदी ‘गोद’वरून आली, पाण्याला कुशीत घेतं म्हणून, असं आमच्यात सांगतात.

इतवारीकर
गोद हा हिंदी शब्द. मराठी कुशीला गोद कधी म्हणत नाही. मला तर गोदी आणि गोदाम भाऊ-भाऊ वाटतात, दोन्ही समुद्रावरून आलेले.

संस्कृतनिष्ठ
प्रत्येक गोष्टीला गावठी शब्द चिकटवला की शास्त्र उभं राहत नाही. टिपणात लंडनची गोदी, हॅम्बुर्गचा नदीकाठ, न्यूयॉर्कचा भराव हे सगळं एका संज्ञेखाली आणायचं आहे. त्याला ‘धक्का’ पुरत नाही, ‘बंदर’ पुरत नाही. ‘जलाग्र’ नवा आहे म्हणून कानाला खटकतो. दहा वर्षं वापरा, खटकणार नाही. डॉ. रघुवीरांनी पारिभाषिक शब्दांचं एवढं मोठं काम याच नागपुरात बसून केलं. त्या गावाने तरी नव्या शब्दाला घाबरू नये.

इतवारीकर
‘नदीमुख’ म्हणजे जिथे नदी समुद्राला मिळते ती जागा. जलाग्र वाचून विद्यार्थी तेच समजतील. ‘अग्र’ म्हणजे टोक. आम्ही ज्याबद्दल बोलून राहिलो ती कड आहे, टोक नाही. शुद्ध असून चुकीचा शब्द आहे हा.

मोजणीदार
काठाचा वाद चालू द्या, पण ताईंचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि कोणी त्याला हात लावला नाही.

‘सार्वजनिक’ आणि ‘खासगी’ या मुळात एका जोडीतल्या संज्ञा नाहीत. होळकरांच्या हिशेबात दोन वह्या होत्या, दौलत आणि खासगी. दौलत राज्याची, खासगी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या अखत्यारीतली. म्हणजे ‘खासगी’च्या समोर ‘दौलत’, आजच्या भाषेत सरकारी. ‘सार्वजनिक’ वेगळ्या घरचा: सर्व जनांच्या वापराचा. त्याच्या समोर हवं ‘राखीव’ किंवा ‘बंद’. आणि अहिल्याबाईंनी घाट बांधले ते खासगीतून, वापर मात्र सर्वांचा. मालकी खासगी आणि वाट सार्वजनिक, दोन्ही एकाच दगडात. पुढे १९६२मध्ये त्या मालमत्तांसाठी जो ट्रस्ट झाला त्याचं नावच खासगी ट्रस्ट. २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की या खासगी ट्रस्टला मध्य प्रदेशचा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे. ज्यांना ही जोडी विरुद्धार्थी वाटते त्यांनी या एका वाक्यावर विचार करावा.

पुनर्विकासाच्या फायलीत चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. जमीन कोणाच्या नावावर? पैसा कोणाचा आणि बुडाला तर कोणाचा बुडणार? नकाशा मंजूर कोण करणार? आणि काम संपल्यावर काठावरून कोण चालू शकणार? इंग्रजी ‘पब्लिक’ या चारही ठिकाणी चालतो म्हणून लेखक सुटतो. मराठीत सुटका नाही.

टिपणातलीच उदाहरणं लावा. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्क सिटीत ९२ एकर भराव राज्याने १९६८मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाकडे आहे. इमारती खासगी, पण जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर. लंडनमध्ये जुन्या गोद्यांच्या भागासाठी १९८१ ते १९९८ जे महामंडळ होतं ते सरकारी, पण त्याने स्थानिक पालिकांचे नियोजनाचे अधिकार काढून घेतले आणि जमीन तयार करून विकासकांना दिली. त्याच भागातलं कॅनरी व्हार्फ आज खासगी मालकीची वसाहत आहे, पहाराही त्यांचाच. या दोन्हींना ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ लिहाल तर विद्यार्थ्याला काहीच कळणार नाही.

संस्कृतनिष्ठ
अनुवादकाने लेखकाची संज्ञा उकलत बसायचं नसतं. लेखकाने ‘पब्लिक’ लिहिलं, तुम्ही ‘सार्वजनिक’ लिहा. खुलासा तळटीपेत द्या.

मोजणीदार
तळटीप परीक्षेत येत नाही, म्हणून विद्यार्थी ती वाचत नाहीत. आणि एका शब्दाच्या अर्थावर किती जमीन जाते हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवलं आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८: गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची राहिली, म्हणजे ज्यावर मुळात बांधकाम नव्हतं तेवढीच. शेड पाडून जी मोकळी होते ती धरायची नाही. गिरणीत बहुतेक जमीन शेडखालीच असते, त्यामुळे वाटणीला फार थोडी उरली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. ‘मोकळी’ या एका विशेषणाने उद्यानांची आणि परवडणाऱ्या घरांची जागा आकसली. म्हणून म्हणतो, विशेषण सैल सोडू नका.

धरमपेठची अनुवादक
मोजणीदार काका, ही चौकट फार उपयोगी आहे. मग हॅम्बुर्गला काय लिहू? तिथे हाफेनसिटी या जुन्या बंदरभागात १५७ हेक्टरचा बराचसा भाग शहराच्या मालकीचा, विक्री शहराच्याच कंपनीमार्फत. विकासकाला आधी फक्त भूखंड राखून देतात. त्या मुदतीत त्याने आराखडा स्पर्धा, माती परीक्षण आणि बांधकाम परवानगी पूर्ण करायची, पैसे त्यानंतर. निवडीत संकल्पनेला ७० टक्के, किमतीला ३० टक्के वजन. या राखून ठेवण्याला ‘इसार’ लिहावं का?

मोजणीदार
नको. इसार म्हणा, आपल्याकडचा बयाणा म्हणा, त्यात पैसा आधी जातो आणि सौदा फिरवला तर तो बुडतो. इथे उलट आहे: काम आधी, पैसा नंतर. काम नीट झालं नाही तर शहर भूखंड परत घेतं. या पद्धतीने जमीन घेऊन नुसती धरून ठेवणारे गळतात. ‘राखण’ लिहा, किंवा सरळ ‘मुदतीचं आरक्षण’.

आणि बॅटरी पार्कसारख्या पट्ट्यासाठी नागपूरकराकडे तयार शब्द आहे: नझूल. सरकारची जमीन, घर आपलं, पट्टा तीस वर्षांचा, नूतनीकरण करत राहायचं. शर्तभंग झाला की नोटीस. सीताबर्डीतल्या माणसाला ‘लीजहोल्ड’ समजावून सांगावं लागत नाही.

सुकी गोदी
नझूल मुंबईत कोणाला कळणार नाही. आमच्याकडे बंदराचे भाडेकरू म्हणतात. आणि बघा, मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३चा. २०२१च्या कायद्याने महाबंदरांचे ट्रस्ट गेले, प्राधिकरणं आली. ट्रस्ट म्हणजे दुसऱ्यासाठी सांभाळणारा, प्राधिकरण म्हणजे अधिकार असणारा. पूर्व किनाऱ्यावरची शेकडो हेक्टर बंदराची जमीन आता ‘सांभाळायची’ की ‘वापरायची’, हा प्रश्न त्या नावाच्या बदलातच आहे.

इतवारीकर
नागपुरात ट्रस्टला ‘प्रन्यास’ म्हणतात. नागपूर सुधार प्रन्यास. १९३६च्या कायद्यात ‘इम्प्रूव्हमेंट’ होतं, त्याचं ‘सुधार’ झालं. तेव्हा कोणी ‘पुनर्विकास’ म्हणत नव्हतं. ताई, ‘पुनर्विकास’ तरी कशाला? पहिला विकास कोणता झाला होता की जो पुन्हा करायचा? ‘नदीकाठ सुधार’ पुण्याने लिहिलंच आहे.

पाळ-तुडूम
सुधारमध्ये माती धुणं येतं, बांधणं येत नाही. जुन्या कारखान्याच्या जागेत क्रम ठरलेला असतो. पहिलं, जुने नकाशे काढून कापड रंगवायच्या शेड, बॉयलर, तेलाच्या टाक्या कुठे होत्या ते पाहणं. मग त्या ठिकाणी दाट आणि बाकी जागेत विरळ भोकं घेऊन वेगवेगळ्या खोलीचे नमुने, जड धातू आणि तेलासाठी. भूजलाचे वेगळे. मग ठरतं की माती उचलायची की वर चिकणमातीचा थर टाकून झाकायची. झाकली तर तिथे तळघर खणता येत नाही, हे नंतर सगळे विसरतात. त्यानंतर पातळी वाढवणं. हाफेनसिटीत इमारतींची जमीन समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटरवर उचलली आणि पाण्यालगतचा फिरायचा रस्ता खालीच ठेवला, तो पुरात बुडू दिला. मग रस्ते-गटारं, शेवटी इमारती. हे सगळं एका ‘पुनर्विकास’मध्ये कोंबलं की सरकारने पहिली तीन कामं केली आणि विकासकाने शेवटचं, हे झाकलं जातं.

धरमपेठची अनुवादक
म्हणजे ‘शुद्धीकरण, भराव आणि बांधणी’ असं तोडून लिहावं? आणि शीर्षकाचं काय?

इतवारीकर
शीर्षकात आपलं उदाहरण टाका ना. एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी दलदलीची जागा घेतली, भराव घातला, १ जानेवारी १८७७ला मिल सुरू झाली, शेजारी जुम्मा तलाव. नागपूरचा ‘इंडस्ट्रिअल वॉटरफ्रंट’ तोच. आता मिलच्या जागेवर मॉल आणि निवासी संकुल. आणि ‘मिल’च लिहा, गिरणी नको. आपल्याकडे गिरणी म्हणजे पीठ दळायची.

सुकी गोदी
गिरणगाव हा शब्द असताना ‘मिल’ लिहायचं?

इतवारीकर
तुमच्या गावात लिहा. इथे मिल मजूरच होते.

संस्कृतनिष्ठ
तलावाला तरी नीट नाव द्या. गांधीसागर.

इतवारीकर
जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून शुक्रवारी तलाव. गांधीसागर त्यानंतर. तिन्ही नावं चालतात. आणि सागर तरी कसा? पाळ आहे त्याला.

पाळ-तुडूम
पार.