व्हर्निअर ‘प्रिसाईज’ आहे म्हणजे नेमकं काय?

टूलरूमकर: वर्कशॉपमध्ये ‘प्रिसिजन’ आणि ‘ॲक्युरसी’ एकाच अर्थाने वापरणं थांबायला हवं. प्रिसिजन म्हणजे पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांशी जुळणं, ॲक्युरसी म्हणजे ते खऱ्या मापाशी जुळणं. डिजिटल व्हर्निअर (वस्तू दोन जबड्यांत धरून मोजायचं साधन) ०.०१ मि.मी. दाखवतो, ते फक्त त्याचं रिझोल्यूशन, म्हणजे दाखवता येणारा सर्वांत लहान फरक. २५ मि.मी.ची स्लिप गेज (अचूक मापाचा चपटा ठोकळा) पाच वेळा मोजा. २५.०३, २५.०३, २५.०२, २५.०३, २५.०३ आलं तर मोजमाप प्रिसाईज आहे, ॲक्युरेट नाही. ऑपरेटर मात्र आकडे जुळतात म्हणून भरवसा ठेवतो, सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) उणे ०.०३ वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेसाठीची दुरुस्ती, देतो आणि अख्खी बॅच मापापेक्षा सारखीच बारीक निघते.

सीएनसीवाला: फरक मान्य, पण फ्लोअरवर प्रिसिजनच आधी. कायम ०.०३ जास्त दाखवणारा व्हर्निअर कॅलिब्रेशनमध्ये (माहीत मापाशी ताडून बघताना) पकडला जातो. २४.९७, २५.०४, २५.०० असे आकडे नाचले तर सरासरी बरोबर येऊनही एकाही जॉबबद्दल (मशीनवर बनलेल्या तुकड्याबद्दल) ठामपणे बोलता येत नाही. आधी बर (जॉबच्या कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढा, जॉ (व्हर्निअरचे जबडे) पुसा, दाब सारखा ठेवा. शून्य जुळवणं त्यानंतर.

गेजरूम: चूक ‘कायम’ तेवढीच राहील, हे गृहीतच चुकीचं आहे. रोज शाफ्ट जिथे धरतात तिथेच जॉ झिजतात आणि बारीक खळगा पडतो. चपटी स्लिप गेज खळग्याच्या काठांवर टेकते, रीडिंग बरोबर येतं. गोल शाफ्ट खळग्यात उतरतो, रीडिंग कमी येतं. म्हणजे कॅलिब्रेशनला पास आणि जॉबवर चूक! जॉ मिटून उजेडाकडे धरा, फट दिसते का बघा. मग त्याच जागी माहीत मापाची पिन गेज (अचूक मापाची गोल पिन) मोजा. आणि आयएसओ ५७२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ॲक्युरसीत ट्रूनेस (सरासरी खऱ्या मापाच्या जवळ असणं) आणि प्रिसिजन दोन्ही येतात, तेव्हा यांतलं मोठं कोण हा वादच उभा राहत नाही.

सीएनसीवाला: खळग्याचा मुद्दा बिनतोड. तरी प्रत्येक जॉबला गेजरूम गाठायला लावलं तर प्रॉडक्शन बसेल. रफिंगला (सुरुवातीच्या जाड कापाला) व्हर्निअर पुरतो.

टूलरूमकर: रफिंगला खुशाल वापरा. पण २५ मि.मी. शाफ्टला स्मॉल एच ७ (h7, शाफ्टच्या मापाला किती मोकळीक ते सांगणारा प्रमाणित वर्ग) फिट असेल तर माप २५.००० ते २४.९७९, म्हणजे सगळी मिळून ०.०२१ची मोकळीक. १५० मि.मी.च्या चांगल्या डिजिटल व्हर्निअरलाही साधारण ±०.०२ चूक चालते, म्हणजे एकूण ०.०४चा पट्टा. मोजायच्या मोकळिकीपेक्षा साधनाचीच चूक मोठी! तिथे मायक्रोमीटर (स्क्रूवर चालणारं, जास्त बारीक मोजणारं साधन) घ्या, रॅचेटनेच (दाब सारखा ठेवणाऱ्या त्याच्या टोकाच्या चकतीनेच) दाब द्या. आणि मशीनवरून उतरलेला गरम जॉब लगेच मोजू नका. १०० मि.मी. स्टील १० अंशांनी तापलं की ०.०११ मि.मी.च्या आसपास वाढतं, आणि ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं.