गेमप्लेच्या व्हिडिओवर म्युझिकचा कॉपीराइट क्लेम आलाय, डिस्प्यूट करू का?

तिसरा_लॅप:
ओपन वर्ल्ड रेसिंग गेमचा ४० मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि तासाभरात दोन क्लेम. दोन्ही गाणी गेममधल्याच गाडीच्या रेडिओवर वाजत होती, मी वरून काहीच लावलेलं नाही. व्हिडिओ दिसतोय पण जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाला जाणार म्हणे, आणि दोन देशांत तर ब्लॉकच दाखवतोय. गेम मी पैसे भरून घेतलाय ना, मग त्यातल्या गाण्यावर क्लेम कसा काय? एडिटिंगला तीन रात्री घालवल्यात, खूप वाईट वाटतंय. हा स्ट्राइक आहे का? आणि डिस्प्यूट केला, म्हणजे क्लेमला हरकत घेतली, तर चॅनलला काही होईल का?

कंट्रोलर_हातात:
आधी घाबरू नकोस, क्लेम वेगळा आणि स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याबद्दल चॅनलवर लागणारा ठपका, वेगळा. हे काम कंटेंट आयडीचं, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखणाऱ्या सिस्टिमचं असतं, मालकाने दिलेल्या गाण्याशी तुझा ऑडिओ मशीनच जुळवून बघतं आणि जुळला की त्या मालकाने आधीच ठरवून ठेवलेलं लागू होतं, कुठे पैसे घ्यायचे कुठे ब्लॉक करायचं ते, म्हणून देशानुसार फरक दिसतो. चॅनलवर याचा डाग लागत नाही.

गेम विकत घेतल्याचं म्हणशील तर, गाण्याचा परवाना घेतलाय गेम बनवणाऱ्या कंपनीने, आणि तो गाणं गेममध्ये वाजवण्यापुरता. तुझ्या व्हिडिओत वाजवायचा हक्क त्यात येत नाही. त्यामुळे रेडिओवरच्या गाण्यासाठी डिस्प्यूट करू नकोस, तुझ्याकडे दाखवायला काही नाहीये. त्यापेक्षा यूट्यूब स्टुडिओत जाऊन त्या क्लेमसमोरचं 'गाणं काढा' वापर. फक्त गाणं पुसून तुझा आवाज ठेवायचा प्रयत्न करतं ते, २०२४ च्या जुलैत हे टूल सुधारलंय. तरी प्रत्येक वेळी साफ निघेलच असं नाही, नाही निघालं तर तेवढा भाग म्यूट कर किंवा कापून टाक. व्हिडिओ परत अपलोड करावा लागत नाही, लिंक तीच राहते आणि व्ह्यूजही जात नाहीत.

सेव्ह_पॉइंट:
मी तर ऐकलंय १० सेकंदांपेक्षा कमी असलं की चालतं? आणि डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दिलं की झालं?

कंट्रोलर_हातात:
दोन्ही चूक. अशी सेकंदांची काही सूट नाहीये आणि क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. कृपा करून हे पुढे कुणाला सांगू नका, नवीन पोरांचे व्हिडिओ यातच अडकतात.

जुना_गेमर:
डिस्प्यूट कधीच करू नये असं मात्र नाही हं. माझ्या एका व्हिडिओवर गेमच्या स्वतःच्या थीम म्युझिकचा क्लेम आला होता. ते म्युझिक गेमवाल्यांनीच बनवून घेतलेलं, त्यांच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं की गेमप्लेचे व्हिडिओ टाका, कमाई पण करा, पण साउंडट्रॅक विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरने तो कंटेंट आयडीत टाकून ठेवलेला. मी डिस्प्यूटमध्ये त्या पॉलिसीतलं नेमकं वाक्य आणि लिंक दिली, क्लेम सुटला. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तुझं चॅनल मॉनेटाइज असेल तर क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट कर, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात, उशीर केलास तर डिस्प्यूट केला त्या दिवसापासूनचेच. डिस्प्यूट फेटाळला तर अपील आहे, तिथे त्यांना ७ दिवस. पण अपील पूर्ण विचार करून कर, कारण तिथून ते रीतसर टेकडाउन, म्हणजे व्हिडिओ काढून टाकायची कायदेशीर मागणी, पाठवू शकतात आणि तो लागला तर मग खरा स्ट्राइक, ९० दिवसांत असे ३ झाले की चॅनल जाऊ शकतं.

मिक्सर_बाबा:
पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच्या आधी गेमची ऑडिओ सेटिंग उघड. फोर्झा होरायझन ५ मध्ये अशी गाणी बंद करणारा स्ट्रीमर मोड आहे, सायबरपंक २०७७ मध्ये कॉपीराइटवाली गाणी बंद करायचा पर्याय आहे. जिथे तसं काही नसेल तिथे म्युझिकचा स्लायडर शून्यावर, इंजिनचा आवाज तसाच राहतो.

आणि ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) माइक आणि गेम वेगळ्या ट्रॅकवर घे, ६ ट्रॅक मिळतात. इथे एक गोष्ट लोक विसरतात, गेमचा आवाज एकत्रच येतो, गाणं आणि टायरचा आवाज ओबीएस वेगळे करून देत नाही. पण माइक सुटा असला की गेमचा आवाज तेवढ्यापुरता बंद केलास तरी तुझी कॉमेंट्री वाचते. आणि व्हिडिओ पब्लिक करायच्या आधी अपलोडमधलं कॉपीराइट चेकिंग पूर्ण होऊ दे, क्लेम तिथेच दिसतो.

तिसरा_लॅप:
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिलं गाणं पुसून निघालं आणि तो क्लेम गेला. दुसरं मात्र शेवटच्या लॅपमध्ये माझ्या ओरडण्याखालीच वाजतंय, पुसलं की माझा आवाज चिरका होतोय. माइक तेव्हा वेगळा घेतला नव्हता. तो लॅप कापायला जीव होत नाहीये, म्हणून तो क्लेम तसाच ठेवतोय, पैसे त्यांना गेले तरी चालतील. आज रात्री रेडिओ बंद करून पुढचा भाग रेकॉर्ड करतोय.