मदत हवी आहे: मागचा डावा टायर आतूनच झिजतोय
मंडळी, गाडी हॅचबॅक, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा सस्पेन्शनचा आडवा दांडा). मागचा डावा टायर फक्त आतल्या कडेने खाल्लाय, उजवा ठणठणीत. ट्रेडवर (टायरच्या नक्षीवर) आडवा हात फिरवला की एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखी धार लागते. म्हणजे टो (चाक सरळ रेषेपासून आत-बाहेर किती वळलंय तो कोन) बिघडलाय, असा माझा कयास. हवा बरोबर असते. कुंभार्ली घाटात ते चाक खड्ड्यात जोरात आदळलं होतं, तेव्हापासूनच शंका आहे. अलाइनमेंटवाला म्हणतो, "मागचं ॲडजस्ट होत नाही, पुढचं करून देतो." खरंय, पण म्हणून मागचं रीडिंगही घ्यायचं नाही? बीम वाकलाय, स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसतं तो छोटा आस) की बुश (बीमच्या सांध्यातले रबर) गेलेत, हे कसं ओळखायचं? शिम (मध्ये बसवायची पातळ चकती) टाकून कोणी टो सुधारलाय का? कराडकडे चारही चाकांचं प्रिंटआउट देणारं कोणी माहीत असेल तर सांगा. नवा टायर त्यानंतरच टाकीन.