ट्यूब अँपमधल्या ईएल३४ ट्यूबा काढून केटी८८ लावल्या तर आवाज खरंच बदलतो का?

कोथरूडचा श्रोता:
माझा ट्यूब अँप पुश-पुल आहे, म्हणजे दोन ट्यूबा लाट वाटून घेतात; दर चॅनलला ईएल३४ ची जोडी. स्पीकर बुकशेल्फ, ८६ डीबीचे, म्हणजे थोड्या वॅटात फार मोठ्याने न वाजणारे. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत, तेही एलपीवर. गळा सुरेख येतो, पण डग्गा फुगतो. मित्र म्हणतो, केटी८८ लाव, खर्ज आवळेल. चार ट्यूबांचा खर्च बघता आधी विचारलेलं बरं.

एरंडवणेकर:
फरक पडतो हो! ईएल३४ मधल्या पट्टीत गोड, केटी८८ भरीव आणि दमदार, ६एल६ स्वच्छ, ईएल८४ चटपटीत. आणि ३००बी एकदा ऐकलीत की बाकीच्या विसराल.

सदाशिवपेठी:
गोड, चटपटीत ही विशेषणं मिसळीला ठेवू. ट्यूब एकटी कधीच ऐकू येत नाही. तिच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा), फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवून चूक सुधारणं) आणि स्पीकरही ऐकू येतात.

कोथरूडकर, डग्ग्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ईएल३४ पेंटोड (पाच इलेक्ट्रोडांची) आहे आणि पेंटोड जोडणीत आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा विद्युत अडथळा, मोठा असतो. खर्जात स्पीकरचा स्वतःचा इम्पीडन्स जिथे उसळतो, तिथे आवाजही उसळतो. फीडबॅक त्याला आवर घालतो, पण किती, ते डिझायनरवर. तीच ट्यूब ट्रायोड (तीन इलेक्ट्रोडांच्या) जोडणीत लावा, किंवा १९५१ साली हॅफलर आणि केरोस यांनी मांडलेल्या, या दोहोंच्या मधल्या अल्ट्रालिनिअर पद्धतीने, वागणूक लगेच बदलते. म्हणून आधी फुकटातलं करा: स्पीकरची तार अँपच्या ८ ओहमच्या टॅपवरून (जोडणीच्या खुंटीवरून) ४ ओहमच्या टॅपवर घ्या. ताकद थोडी घटेल, पकड वाढेल. स्पीकर भिंतीला चिकटलेले असतील तर पुढे ओढा.

केटी८८ नुसती खोचायची वस्तू नाही. ईएल३४ चा हीटर (ट्यूब तापवणारी तार) १.५ अँपिअर घेतो, हिचा १.६. चार ट्यूबांचे ०.४ अँपिअर जास्त, ते मेन ट्रान्सफॉर्मरने सोसायला हवेत. बायस, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह आवरणारं ग्रिडवरचं व्होल्टेज, हाही बराच जास्त ऋण लागतो. तो तिथवर पोचला नाही तर प्लेट (ट्यूबमधला प्रवाह झेलणारा पत्रा) तापून लाल होईल. हे सगळं जमवूनही आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुनाच असेल, तर केटी८८ ची ताकद पुरी बाहेर येणार नाही.

३००बी ची थोरवी मान्य. वेस्टर्न इलेक्ट्रिकची १९३८ ची ट्रायोड, सिंगल-एंडेडमध्ये (एकटीच ट्यूब पूर्ण लाट वाजवते) जेमतेम ८ वॅट. तिच्या विकृतीत दुसरा हार्मोनिक जास्त, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. मध्य षड्जावर तार षड्ज मिसळला तर कानाला काय तक्रार? पुश-पुलमध्ये हे सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात, तिसरा राहतो, म्हणजे तार पंचम. तोही तंबोऱ्यात असतोच, पण हा आगंतुक. मात्र ८६ डीबीच्या स्पीकरवर ८ वॅट म्हणजे द्रुत तराण्याला दम कमी पडणार.

आणि एक. अँपचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा असेल आणि रात्री घरात २४५ येत असतील, तर ६.३ व्होल्टच्या हीटरला ७ मिळतात. ट्यूब बदलण्याआधी मीटर लावा. आत हात घालणार असाल तर सावध, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेच्या घरात व्होल्टेज राहू शकतं.

कोथरूडचा श्रोता:
काका, ४ ओहमवर घेतलं. डग्गा बराच आटोपला, विलंबितात तर चांगलाच कळतो. मित्राला अजून सांगितलेलं नाही. ईएल३४ च ठेवू ना मग?

सदाशिवपेठी:
ठेवा. दमल्या की जुळवलेली चौकडी घ्या आणि बसवल्यावर बायस पुन्हा लावा. जुन्या बाजारात कुणी 'न वापरलेली मुलार्ड' (जुन्या ब्रिटिश कंपनीची ट्यूब) म्हणून हातात ठेवली, तर टेस्टरवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. छापील नाव पुसून नवं उमटवणारे हात जगभर आहेत.

एरंडवणेकर:
ठीक आहे, पण मी माझी ३००बी सोडणार नाही.

सदाशिवपेठी:
सोडा कोण म्हणतंय? स्पीकर किती डीबीचे आहेत ते सांगा.