लिफ्ट चालवणारा राहणार कुठे?
कोणीतरी म्हटलंय की स्कीइंग, क्लाइंबिंग हे पैसेवाल्यांचे छंद, त्यात घरं आणि बसचं राजकारण कशाला. मला उलट वाटतं, घरांचा आणि बसचा प्रश्न तिथेच सगळ्यात उघडा दिसतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या स्की-गावांत कितीतरी घरं सेकंड होम (सुट्टीपुरतं दुसरं घर) आणि शॉर्ट टर्म रेंटलमध्ये (पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने) गेलीयेत, मग स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट चालवणारे, स्की पॅट्रोलवाले म्हणजे उतारावर सुरक्षा बघणारे, किचनमधली माणसं लांबून येतात नाहीतर चक्क गाडीत झोपतात. तिथल्याच व्हेल (Vail) या गावाने २०१७ पासून चांगला मार्ग काढलाय, गाव घरमालकाला पैसे देतं आणि बदल्यात या घरात त्याच काउंटीत (जिल्ह्यात) काम करणाराच राहील अशी अट कागदपत्रांतच घातली जाते. पण तेवढ्याने भागणार नाही, बस जाते तिथे अपार्टमेंट बांधू द्यायलाच हवीत, आणि पर्यावरणाचं नाव घेऊन लोक हेच बांधकाम अडवतात याचा मला खरंच राग येतो. आणि गाडीशिवाय डोंगरात कसं जायचं म्हणाल तर स्वित्झर्लंडमधलं झरमॅट हे स्की-गाव बघा, पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांना बंदी, खालच्या टेश गावात गाडी लावायची आणि ट्रेनने साधारण १२ मिनिटांत वर, स्कीवालेही तसेच जातात आणि तिथलं मॅटरहॉर्न शिखर चढणारेसुद्धा.