मदत हवी आहे: सिगारेट सोडू बघणाऱ्या पोरांना मेसेजमध्ये नक्की लिहायचं काय?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात शिकवतो, एनएसएस पण माझ्याच गळ्यात आहे. कॉलेजचं नाव विचारू नका. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डाच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे, तसा बोर्ड आम्ही झोकात रंगवून घेतलाय आणि बोर्डाच्या बरोब्बर समोर टपरी आहे. तिथे खिळ्याला सुंभाचा तुकडा दिवसभर धुमसत असतो कारण पोरं पाकीट घेत नाहीत, सुटी घेतात, एकीत तिघं. सुटी विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे हे त्या टपरीवाल्याला मीच जाऊन सांगितलं, तो म्हणाला बरं झालं सांगितलंत सर, चहा घेणार?

आता यात एक गंमत बघा. सिगारेट सोडायच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर २०१८ पासून पाकिटावर छापतात, १८००-११-२३५६. पण आमची पोरं पाकीट हातातच घेत नाहीत तर नंबर दिसणार कधी? म्हणून म्हटलं मोबाईलवरच गाठू. डिसेंबरच्या कॅम्पात ज्यांनी आपणहून नंबर दिले त्या ४३ जणांची व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली, रोज सकाळी सातला एक मेसेज. काळी पडलेली फुप्फुसं, धूम्रपान म्हणजे मृत्यूला आमंत्रण, वगैरे. आठवडाभरात त्या फुप्फुसाचं कुणीतरी स्टिकर केलं, खाली लिहिलंय "येतो का खाली?", आणि आता टपरीवर बोलवायला पोरं तेच पाठवतात. निम्म्यांना तर मेसेज पोचतच नाही, एकच टिक.

पण परवा नाही, चार दिवस झाले, एस.वाय. च्या एका पोराचा रात्री पावणेअकराला मेसेज आला, "सर आज ३ झाल्या काल ७ होत्या". मी लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं, त्याला वर टायपिंग टायपिंग दिसत असणार, आणि शेवटी पाठवलं काय तर अंगठा आणि "छान! कीप इट अप". निळी टिक झाली, त्यानंतर तो गप्प आहे. त्याला आता काय लिहू? आणि बाकीच्या ४२ जणांचं काय करू?

निवांत_नाना: सर, तुम्ही स्वतः ओढता का? पोरांना सगळं कळत असतं हो.

धागाकर्ता: ओढायचो. २०१४ ला सोडली, तिसऱ्या खेपेला सुटली. पोरांना बोललो नाहीये कधी.

कोकणची_माई: आधी ती फुप्फुसं बंद करा. एकोणिसाव्या वर्षी कॅन्सर म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी काकांना होणारी गोष्ट. आणि सातला मेसेज कशाला, तेव्हा पोरं झोपलेली असतात. तलफ पाचेक मिनिटांची असते, तेवढी टळली की उतरते, म्हणजे मेसेज त्या पाच मिनिटांत पाहिजे. न्यूझीलंडमध्ये असा प्रयोग झालाय, २००५ मध्ये छापून आला, १७०५ जण, बहुतेक तरुणच. त्यांना सोडायचा दिवस ठरवायला लावला, आणि मेसेज सगळेच उपदेशाचे नव्हते, खेळ, क्विझ असलं मन रमवणारं पण होतं. सहा आठवड्यांनी २८ टक्के सांगत होते की सोडलीय, ज्यांना असे मेसेज गेले नाहीत त्यांच्यात १३. नंतर इंग्लंडात ५८०० लोकांवर केलं तेव्हा नुसता शब्दावर विश्वास नाही ठेवला, सहा महिन्यांनी थुंकी तपासून बघितली, १०.७ विरुद्ध ४.९ टक्के. म्हणजे दहातला एकच सुटला असं म्हणा, पण दुपटीहून जास्तच ना. तिथे तलफ आली की माणूसच एक शब्द पाठवायचा आणि लगेच उत्तर यायचं. तुमचं आत्ता एकतर्फी आहे.

सातारी_कंदी: ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, म्हणून ती एक टिक. साध्या एसएमएसच्या फंदात पडू नका, देवनागरीत एका मेसेजला ७० च अक्षरं बसतात आणि घाऊक पाठवायचं तर रजिस्ट्रेशनची कटकट. सरकारचीच एसएमएसची सोय आहे, ०११-२२९०१७०१ ला मिस्ड कॉल द्यायचा. तो नंबर द्या ४२ जणांना.

फक्त_कटिंग: मी तो पोरगा होतो सर. ७ वरून ३ वर येणं सोपं असतं, उरलेल्या ३ मध्ये जीव अडकलेला असतो. आणि खरं दुखणं निकोटीनचं कमी, सगळी गँग टपरीवर आणि आपण एकटेच पार्किंगमध्ये मोबाईल बघत उभे, ते जास्त. माझी तर एका हातात चहाचा ग्लास आला की दुसऱ्या हाताला कळायचंच नाही काय करू. तुम्ही शाबासकी देऊन मोकळे झालात, दुसऱ्या दिवशी त्याच्या ५ झाल्या असतील, आता कुठल्या तोंडाने सांगेल तो? ग्रुपवर नको, त्याला एकट्याला लिहा, वाढल्या तरी चालेल असं लिहा.

धागाकर्ता: फक्त_कटिंग, तुमचं वाचून बराच वेळ नुसता बसलो. आत्ता लिहिलं त्याला: "वाढल्या असतील तरी सांग, रागावणार नाही. मी दोनदा सोडून परत धरली होती. त्या ३ मधली कुठली सोडायला सगळ्यात जड जाते?"

दहा मिनिटं काही नाही. मग आलं, "सर तुम्ही????" आणि लगेच खाली, "अकराच्या चहानंतरची".

पुढे काय लिहू? लवकर सांगा, ऑनलाइन आहे तो.